बायॉलॉजिकल एज पॅकेज : आई ६६, मी ५४ आणि कबुतर ३५

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. एकतर लीगल नोटिशी वगैरे मला झेपणार नाहीत आणि दुसरं म्हणजे लोअर परळच्या जुन्या मिलच्या जागी ज्या काचेच्या बिल्डिंगी झाल्यात तिथे ही असली दीर्घायुष्यवाली ऑफिसं आता पायलीला पन्नास झालीयेत, एकाचं वाचलं की सगळ्यांचं वाचल्यासारखंच. पॅकेजची जाहिरात पण सगळ्यांची साधारण तीच, 'तुमचं खरं वय जाणून घ्या', म्हणजे रक्त तपासून तुमचं शरीर किती वर्षांचं झालंय ते सांगणार. खरं वय मला माहितीये हो, ४६, जन्मदाखल्यावर आहे. पण नवऱ्याच्या ऑफिसात कूपन वाटली, एकाला ७,९९९ आणि दोघांना मिळून ११,९९९, आणि दोघांना म्हटल्यावर नवरा सुईला घाबरतो त्यामुळे त्याच्या जागी आई. आई ७४. तिला सांगितलं रक्त तपासायचंय, ती म्हणाली मला काही झालेलं नाही, मी म्हटलं काही झालेलं नाही हेच तपासायचंय, तेव्हा तयार झाली.

सॅम्पल घ्यायला मुलगा सकाळी ६:५० ला दारात. नालासोपाऱ्याहून येतो म्हणाला, म्हणजे चारला उठला असणार. याला माझ्याकडून पाच स्टार, डोळे झाकून. कारण आईची नस सापडणं म्हणजे दिव्य असतं, मागे एका लॅबवाल्याने चारदा टोचून हात काळानिळा केला होता आणि वर आईलाच म्हणाला की आजी तुमच्या नसाच खराब आहेत. या मुलाने आधी तिला दोन ग्लास पाणी प्यायला लावलं, मग हात पलंगाच्या कडेवरून खाली सोडून बसवलं, माझ्याकडून गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन मागून घेतला, दोन मिनिटं कोपराच्या खळग्यात धरला, आणि मग बोटाने चाचपत 'ही बघा आली' म्हणून एका फटक्यात काम. आईने खूश होऊन त्याला चहा आणि आदल्या दिवशीचं थालीपीठ खायला लावलं, त्याची पुढची अपॉइंटमेंट माटुंग्याला होती ती बहुतेक लेट झाली.

पण गडबड इथेच झाली. मी चार दिवसांपूर्वी व्हायरलमधून उठले होते, घसा अजून धरलेला, अंगात कणकण. मी त्याला विचारलं की ताप येऊन गेलाय, आज दिलं तर चालेल ना. त्याने बिचाऱ्याने ऑफिसला फोन लावला, तिकडून उत्तर आलं की फास्टिंग असेल तर चालतं मॅडम. बरं. चालतं तर चालतं.

तिसऱ्या दिवशी ॲपवर रिपोर्ट. ४२ पानी पीडीएफ, पण ती उघडेपर्यंत कोण थांबतंय, ॲप उघडल्या उघडल्या स्क्रीनभर एक गोल फिरतो, केबीसीसारखं टेन्शन देतो आणि मग मधे आकडा येऊन थांबतो. माझा ५४, लाल. आईचा ६६, हिरवा. आईने चष्मा लावला, दोन्ही फोन शेजारी शेजारी धरले, तोंडातल्या तोंडात वजाबाकी केली आणि म्हणाली, "म्हणजे तू मला बाराव्या वर्षी झालीस का गं?"

त्या दिवशी संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर ६६ ची बातमी पोचली. दुसऱ्या दिवशी मला खालच्या वाण्याने विचारलं तब्येत बरी आहे ना. इथपर्यंत हसण्यावारी नेलं मी, पण रात्री एक वाजता अंधारात छताकडे बघत पडल्यावर तो ५४ काही हसण्यासारखा वाटत नाही हे पण तितकंच खरं. पोरगी अकरावीत आहे, होम लोनची ९ वर्षं बाकी आहेत, आणि कुणीतरी न मागता माझी ८ वर्षं कापून घेतली असं काहीतरी वाटत राहिलं. रिपोर्टच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे निदान नाही. ते अक्षर त्या गोलात लिहा ना मग.

पॅकेजमध्ये डॉक्टरांबरोबर ३० मिनिटांचं कन्सल्टेशन असतं आणि खरं सांगायचं तर या अख्ख्या रिव्ह्यूमधला पैसे वसूल भाग तेवढाच आहे. ऑफिस एकदम चकाचक, आत शिरलं की गवती चहाचा वास, काळं पाणी देतात काचेच्या बाटलीत, आईने वास घेऊन परत ठेवलं. डॉक्टर बाई तिशीतल्या, बोलण्यात सांगलीकडचा हेल, आणि बसल्या बसल्या पहिला प्रश्न, "ब्लड दिलं तेव्हा ताप-सर्दी काही होती का तुम्हाला?" मी सगळं सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, अक्षरशः.

मग त्यांनी तो ५४ उलगडून दाखवला. अमेरिकेत १९८८ ते १९९४ मध्ये एका मोठ्या सरकारी पाहणीत हजारो लोकांची रक्तं तपासून ठेवली होती, पुढे त्यातले कोण कधी गेले याच्या नोंदी जमल्या, आणि त्यावरून २०१८ साली मॉर्गन लेव्हिन आणि त्यांच्या सोबतच्यांनी एक फॉर्म्युला काढला. रक्तातल्या नऊ गोष्टी, म्हणजे साखर, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, अल्कलाइन फॉस्फेटेस, सीआरपी (शरीरात सूज किंवा जंतुसंसर्ग असला की वाढतं ते), पांढऱ्या पेशी किती, त्यात लिम्फोसाइट किती टक्के, लाल पेशीचा सरासरी आकार आणि त्या आकारात कमीजास्तपणा किती, आणि दहावी गोष्ट तुमचं जन्मदाखल्यावरचं वय. हो, वय शोधायच्या फॉर्म्युल्यात वय आधीच घालतात. शेवटी आकडा येतो तो एवढंच सांगतो की तुमच्यासारखं रक्त असलेल्यांचा मरायचा धोका तिकडच्या कितव्या वर्षाच्या सर्वसाधारण माणसाएवढा होता. झिजलात किती, हे त्यातून थेट कळत नाही. आणि सीआरपी, पांढऱ्या पेशी, लिम्फोसाइट हे तिन्ही साध्या तापात हलतात. माझा सीआरपी ११ होता, एरवी एक-दोनच्या आसपास असतो. म्हणजे माझ्या त्या ८ वर्षांतली बरीचशी वर्षं व्हायरलची. आणि फॉर्म्युला छापलेला आहे, नेटवर फुकट आहे, हे पण त्यांनीच सांगितलं, कंपनीच्या ऑफिसात बसून, म्हणून मला त्या बाई आवडल्या.

मी विचारलं मग यापेक्षा पक्कं काही नाही का. तर आहे म्हणाल्या, डीएनएवर मिथाइल नावाच्या रसायनाच्या खुणा बसतात त्या वयाप्रमाणे बदलत जातात, स्टीव्ह होर्व्हाथने २०१३ मध्ये अशा ३५३ जागा धरून घड्याळ बनवलं, त्याचं पॅकेज वेगळं, महाग. पण तशी घड्याळंही आता बरीच झालीयेत आणि एकाच माणसाला एक घड्याळ एक वय सांगतं, दुसरं दुसरं. दादर स्टेशनवर सेंट्रलचं आणि वेस्टर्नचं इंडिकेटर वेगळी वेळ दाखवायला लागलं तर काय कराल, घरीच बसाल ना.

एवढ्यात आई खिडकीकडे बघत होती. बाहेर एसीच्या डब्यावर कबुतर बसलेलं. आमचं घर दादरला कबुतरखान्याच्या मागे, आयुष्य कबुतरांची घाण साफ करण्यात गेलं, त्यामुळे आईला कबुतर दिसलं की राहवत नाही. तिने सरळ विचारलं, "डॉक्टर, तुमच्या मशीनने याचं वय किती सांगितलं असतं हो?"

आणि बाई खुलल्या. म्हणाल्या, आजी, बाहेरचं कबुतर घार, मांजर, रोग यातून थोडकीच वर्षं काढतं. पण पाळलेलं, नीट जपलेलं कबुतर ३५ वर्षांपर्यंत जगल्याची नोंद आहे. आता त्याच वजनाचा, तीन-साडेतीनशे ग्रॅमचा उंदीर घ्या, लॅबमध्ये ठेवा, मांजर नाही, उपासमार नाही, वेळेवर खाणं, तरी तीनेक वर्षांत म्हातारा होऊन मरतो, त्याला गाठी होतात, मोतीबिंदू होतो, सगळं आपल्यासारखं, फक्त भराभर. वजन एक, रक्त गरम दोघांचं, मग फरक दहापट का?

मला वाटलं आता टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरच्या टोप्या, वगैरे येणार, कारण रिपोर्टच्या ३१व्या पानावर बुटाच्या लेसच्या टोकाचं चित्र काढून टेलोमिअर टेस्टची जाहिरात होती. म्हणून मीच हुशारी केली. तर म्हणाल्या, पेशी ठरावीक वेळाच दुभागतात हे हेफ्लिकने १९६१ मध्ये दाखवलं, टेलोमिअरवरच्या कामाला २००९ चं नोबेल मिळालं, सगळं खरं, पण लॅबमधल्या उंदराचे टेलोमिअर आपल्यापेक्षा कितीतरी लांब असतात आणि तो तीन वर्षांत जातो. मग लेसच्या लांबीवरून वय कसं सांगणार? मी गप्प.

खरं कारण त्यांनी समजावलं ते टपरीवरच्या कटिंगच्या ग्लासांवरून. मूळ मुद्दा पीटर मेडावर नावाच्या शास्त्रज्ञाचा, १९५१ च्या लंडनमधल्या भाषणातला, त्यांनी परीक्षानळ्यांचं उदाहरण दिलं होतं, बाईंनी ग्लास केले. समजा टपरीवर शंभर ग्लास आहेत. काच काही म्हातारी होत नाही, पण रोज एखादा पडतो, फुटतो, टपरीवाला नवीन आणतो. वर्षभराने जुन्यातले दोनच उरलेले असतात. आता समजा एखाद्या कंपनीच्या ग्लासात असा दोष आहे की तो पाचव्या वर्षी आपोआप तडकतो. टपरीवाल्याला कळेल का कधी? नाही, कारण पाचव्या वर्षापर्यंत ग्लास पोचतच नाही. निसर्गाचं तसंच. उंदीर बाहेर एवढा खाल्ला जातो की एक-दोन वर्षांच्या पुढे कुणी उरतच नाही, मग तिसऱ्या वर्षी कॅन्सर करणारा जीन असला काय नि नसला काय, छाटला जात नाही, पिढ्यान्पिढ्या साठत जातो. पुढे १९५७ मध्ये जॉर्ज विल्यम्सने त्यात भर घातली की काही जीन तर तरुणपणी फायदा करून देतात आणि म्हातारपणी वसुली करतात, असले तर निसर्ग हौसेने ठेवून घेतो. कबुतर उडून जाऊ शकतं, त्याच्या पूर्वजांतले जास्त जण जुने होईपर्यंत टिकले, त्यामुळे उशिरा उगवणारे दोष त्यांच्यात जास्त छाटले गेले. वटवाघळाचंही तेच, सात ग्रॅमचं एक वटवाघूळ सायबेरियात ४१ वर्षांनी परत सापडलंय, पायात जुनी रिंग होती म्हणून कळलं. आणि नेकेड मोल रॅट म्हणून एक बिनकेसांचा आफ्रिकन प्राणी आहे, छोट्या उंदराएवढा, दिसायला अगदीच टाकाऊ, जमिनीखाली बिळात सुरक्षित राहतो, तो ३० च्या वर जगतो.

आईला ग्लास पटले पण समाधान झालं नाही. तिचं म्हणणं, लॅबमध्ये मांजर नाही ना, मग तिथे तरी दुरुस्ती करावी की शरीराने. यावर बाईंनी विचारलं तुमची बिल्डिंग किती जुनी आहे. बस. आमची पागडीची बिल्डिंग, गेली १२-१३ वर्षं रिडेव्हलपमेंट होणार होणार म्हणून ऐकतोय, त्यामुळे कुणी दहा रुपये दुरुस्तीला काढत नाही, जिन्याचं प्लास्टर पडलंय, पाइपला प्लास्टिक बांधलंय, कारण पाडायचीच आहे तर खर्च कशाला. बाई म्हणाल्या हेच ते. टॉम कर्कवुडने १९७७ मध्ये हेच मांडलं की शरीराकडे खायला मिळतं ते मोजकं, ते दुरुस्तीला घालायचं की पिल्लांना, हा हिशोब जीनमध्येच लिहून ठेवलेला असतो. उंदराच्या सोसायटीने कधीच ठराव पास केलाय की बिल्डिंग दोन वर्षांत पडणार, सगळा पैसा पिल्लांवर. आता त्याला लॅबमध्ये आणून सुरक्षित ठेवलं तरी ठराव बदलत नाही. आई एकदम, "म्हणजे उंदीर म्हणजे आपली बिल्डिंग!" बाहेर रिसेप्शनला ऐकू गेलं असेल.

याच हिशोबाचं टोक म्हणजे आपली कारवी. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात २०१६ ला फुलली, मग थेट २०२४ ला. आठ वर्षं नुसती पानं, मग एकदाच सगळा डोंगर जांभळा, बी टाकलं की झाड खलास. मी २०२४ ला पोरीला घेऊन गेले होते बघायला, दोन तास चालून शंभर फोटो काढले, पण ते झाड मरायला फुललंय हे तेव्हा डोक्यातच आलं नव्हतं. आणि मधमाश्यांचं तर विचारूच नका, राणी आणि कामकरी माशी एकाच तऱ्हेच्या अंड्यातून, जीन तेच, राणीला खाणं वेगळं, तर उन्हाळ्यातली कामकरी सहा आठवड्यांत संपते आणि राणी दोन-तीन वर्षं, कधी जास्त. म्हणजे ठराव नुसता जीनमध्ये नसतो, तो कसा वाचला जातो यावर पण असतो.

मोठा प्राणी जास्त जगतो हे आपण शाळेत शिकलो ते साधारण खरं आहे, हत्ती ६०-७० वर्षं, त्याच्याकडे कॅन्सर अडवणाऱ्या पी५३ जीनच्या २० प्रती आहेत आणि आपल्याकडे एकच, हे २०१५ ला कळलं. पण कुत्र्यांमध्ये उलटं, ग्रेट डेन सात-आठ वर्षांत जातो आणि छोटी पॉमेरियन पंधरा काढते. आणि कहर म्हणजे शिंपली. आइसलँडजवळ २००६ मध्ये एक शिंपली काढली, वळ्या मोजल्या तर ५०७ वर्षं, आणि ती काढल्यावर फ्रीझ केल्यामुळे मेली. आपण तिसऱ्या आणतो तेव्हा बाजारात कोण वय विचारतं.

तीस मिनिटांचे पन्नास झाले होते, दारात दोनदा कुणीतरी डोकावून गेलं, पण आईचा एक प्रश्न बाकी होता आणि तो माझ्या मते दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न. म्हणाली, तुमच्या हिशोबाने पिल्लं झाली की दुरुस्ती बंद, मग माझी पाळी जाऊन पंचवीस वर्षं झाली, मी का चालू आहे? डॉक्टर बाई खुर्चीत मागे टेकल्या. म्हणाल्या, यावर अजून वाद आहेत, पण एक उत्तर असं की आजी असली की नातवंडं जास्त जगतात. क्रिस्टन हॉक्सनी टांझानियातल्या हाड्झा लोकांमध्ये बघितलं, आज्या दिवसभर कंद खणून आणतात आणि लेकीला दुसरं मूल झालं की पहिल्याला भरवतात. म्हणजे आजीवर केलेला दुरुस्तीचा खर्च नातवंडांतून परत येतो. पाळी गेल्यावरही अनेक वर्षं जगणारे प्राणी फार थोडे आहेत, आपण आणि काही देवमासे, ओर्का वगैरे. आई काही बोलली नाही, पण खाली उतरताना लिफ्टमध्ये मला म्हणाली, "बघ, मी फुकट खात नाहीये." मी कधी म्हटलं होतं?

तर असं कन्सल्टेशन. जाता जाता बाईंनी माझ्या रिपोर्टमधल्या एका लाल टिंबावर बोट ठेवून सांगितलं की हे आरडीडब्ल्यू, म्हणजे लाल पेशींच्या आकारातला कमीजास्तपणा, वाढलंय, घरच्या डॉक्टरांना दाखवाच. हे वाक्य लक्षात ठेवा.

आता वाईट भाग. बाहेर पडायच्या आधी एका टेबलाशी बसवतात, तिथे सूटमधला मुलगा. त्याला कबुतर-बिबुतर काही माहीत नाही, त्याच्या स्क्रीनवर ५४ दिसतोय आणि त्यावर उपाय म्हणून डबा, एनएमएन आणि रेझव्हेराट्रॉलच्या कॅप्सूल, महिन्याचे ३,२००, तीन महिने घेतले तर सूट. मी विचारलं याने आयुष्य वाढतं का, तो म्हणाला मॅडम सेल्युलर लेव्हलवर काम करतं. हे सेल्युलर लेव्हल म्हणजे आजकालचं 'वरून आदेश आहेत' झालंय. मी घरी येऊन वाचत बसले दोन रात्री. एनएमएन घेतलं की रक्तात एनएडी, म्हणजे पेशींना ऊर्जा बनवायला लागणारं एक रसायन, वाढतं हे माणसांवर दिसलंय, पण त्याने माणूस जास्त जगतो असं कुणी दाखवलेलं नाही. रेझव्हेराट्रॉल तर अमेरिकेतल्या तीन लॅबमध्ये एकाच वेळी साध्या उंदरांवर करून बघितलं, आयुष्य वाढलं नाही. त्याच लॅबमध्ये २००९ मध्ये एक औषध मात्र लागू पडलं, रॅपामायसिन, तेही उंदीर ६०० दिवसांचे म्हातारे झाल्यावर सुरू करून, माद्यांमध्ये १४ टक्के आणि नरांमध्ये ९ टक्के वाढ. त्याची गोष्ट भारी आहे, ईस्टर आयलंडच्या मातीतल्या जिवाणूपासून ते काढलं आपल्या सुरेंद्रनाथ सेहगलांच्या टीमने, कॅनडात, कंपनीने प्रोजेक्ट गुंडाळला तर माणसाने ते घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवलं. पण ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे, किडनी ट्रान्सप्लांटवाल्यांना देतात, उगाच कुणी वाचून केमिस्टकडे धावू नका.

डबा मी घेतला नाही असं लिहायला आवडलं असतं. घेतला. एक महिन्याचा. ५४ दिसल्यावर माणूस काय काय करतो.

मग घरच्या डॉक्टरांकडे गेले. आमचे डॉक्टर गोखले रोडला बसतात, क्लिनिकमध्ये पंखा कुरकुरतो, फी अजून २०० आहे. त्यांनी ४२ पानं चाळली नाहीत, थेट सीबीसीचं पान शोधलं, ते निघालं २३व्या पानावर, आणि म्हणाले, "हिमोग्लोबिन १०.१ आहे तुझं. जिना चढताना धाप लागते का?" लागते ना. मला वाटायचं वय झालं. गोल फिरवून ५४ सांगणाऱ्या ॲपने पहिल्या २२ पानांत एकदाही सांगितलं नाही की बाई तुझं रक्त कमी आहे. माझी पाळी गेली वर्षभर अंगावरून जास्त जातेय, लोह कमी पडलंय, अगदी साधी गोष्ट. आपल्याकडे २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी निघालं होतं, म्हणजे हे काही दुर्मिळ नाही, उलट मुंबईत बायकांना ही टेस्ट विकताना पहिलं हेच बघायला पाहिजे. आणि लोह कमी पडलं की लाल पेशी लहानमोठ्या व्हायला लागतात, तेच ते आरडीडब्ल्यू, आणि त्या फॉर्म्युल्यात आरडीडब्ल्यूला वजन भरपूर. म्हणजे ताप आणि पंडुरोग मिळून माझा ५४.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, लिंबू पिऊन घे, चहाबरोबर घेऊ नको, सोनोग्राफी करून घे. तो डबा बघून म्हणाले हा कशाला. मी म्हटलं सेल्युलर लेव्हलवर काम करतो. हसले नाहीत, चष्म्यावरून बघितलं फक्त.

सहा आठवड्यांनी पॅकेजमधली दुसरी टेस्ट, तिचे वेगळे २,४९९, कूपनवर हे बारीक अक्षरात. यावेळी ताप नाही, सर्दी नाही. सीआरपी १ च्या खाली. हिमोग्लोबिन १०.१ वरून ११.६. दादरचा पूल मी न थांबता चढतेय, रात्री झोप लागतेय, चेहऱ्यावर जरा रंग आलाय असं ऑफिसात दोघींनी सांगितलं. गोल फिरला, फिरला, आणि थांबला ५५ वर.

डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले असंच व्हायचं. गोळ्या लागू पडल्या की नवीन, मोठ्या पेशी रक्तात यायला लागतात, जुन्या लहान पेशी अजून आहेतच, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ होऊन आरडीडब्ल्यू आधी आणखी वाढतो आणि मग काही महिन्यांनी खाली येतो. माझा १५.८ वरून १७.५ झाला होता. म्हणजे मी बरी होतेय याचीच ती खूण, आणि ॲपच्या हिशोबाने मी एका वर्षाने म्हातारी झाले, खाली लाल अक्षरात 'तुमची वय वाढण्याची गती जास्त आहे' आणि त्याच्या खाली तोच डबा.

दुसऱ्या टेस्टचं कन्सल्टेशन व्हिडिओवर होतं. मी मुद्दाम आईला शेजारी बसवलं होतं, तिने प्रश्न काढून ठेवले होते कॅलेंडरच्या मागच्या कागदावर, कासव, पोपट आणि बायका पुरुषांपेक्षा जास्त का जगतात. पण त्या सांगलीच्या बाई नव्हत्या, कंपनी सोडून गेल्या म्हणे. त्यांच्या जागी एक वेलनेस कोच, मुलगा गोड बोलणारा, पण समोरच्या स्क्रीनवरचं वाचून दाखवत होता. मी आरडीडब्ल्यूचं सांगितलं तर म्हणाला, मॅम, ओव्हरऑल स्कोअरवर फोकस करूया. आईने कागद घडी घालून ठेवून दिला.

मग घ्यावं की नाही? तुम्हाला जर वर्षातून एकदा रक्त तपासायचंच असेल आणि कूपनमध्ये स्वस्त पडत असेल तर घ्या, पण पीडीएफ उघडा, सीबीसी, साखर, क्रिएटिनिन एवढी पानं घरच्या डॉक्टरांसमोर ठेवा, गोल बघूच नका, आणि ताप येऊन गेला असेल तर महिनाभर थांबा, ते चालतंय म्हणाले तरी. वय वाढणं थांबवायला म्हणून घेत असाल तर सोडा. गॉम्पर्ट्झ नावाच्या विमा कंपनीतल्या गणितज्ञाने १८२५ मध्येच मांडून ठेवलंय की मोठ्या माणसाचा मरणाचा धोका ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जातो, साधारण आठेक वर्षं, आणि आजवर सगळ्यात जास्त जगल्याची पक्की नोंद आहे ती फ्रान्सच्या झान कालमाँची, १२२ वर्षं १६४ दिवस, १९९७ मध्ये गेल्या. तो रेकॉर्ड अजून तुटलेला नाही आणि ३,२०० च्या डब्याने तुटणार नाही. आमची आजी ९६ ला गेली त्यामुळे आईला वाटतं आपलं घराणंच तसं, पण डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या अभ्यासात १९९६ मध्ये निघालं होतं की आयुष्यातल्या फरकाचा पाव हिस्साच घराण्यातून येतो. हे तिला सांगितलेलं नाही.

सॅम्पलवाला मुलगा ५, सांगलीच्या डॉक्टर बाई ५ पण त्या आता मिळणार नाहीत, ॲप १, सूटमधला मुलगा आणि त्याचा डबा शून्य, डबा अजून अर्धा कपाटात पडलाय, रिफंड मागितला तर म्हणतात सील तुटलंय.

आईने मात्र तिचा ६६ चा पहिला कागद स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणलाय, चाळीस रुपये घेतले त्याने, आणि तो रेशन कार्डाच्या फाइलमध्ये ठेवलाय.